तळघरातील धान्यकोठीच्या रंगविलेल्या भिंती: जलरोधक लेपापूर्वीची पूर्वमशागत

पालघर जिल्ह्यात पूर्वी भाताची साठवण प्रायः बांबूच्या कणगीत होत असे. कारवीच्या कुडाचे घर, शेणमातीने सारवलेली कणगी आणि चुलीच्या धुराची ऊब ह्या तिन्ही गोष्टींमुळे कणगीतील भात पावसाळ्यातही बऱ्यापैकी कोरडे राहत असे. आता घरे विटांची व सिमेंट-काँक्रीटची झाली आहेत. बोईसर-तारापूर परिसरात जागेची टंचाई म्हणून, आणि मनोर, विक्रमगड, जव्हार ह्या बाजूस उतार खोदून घर बांधावे लागते म्हणून, अनेक घरांत एखादी खोली अंशतः किंवा पूर्णतः जमिनीत उतरलेली असते. तिच्या एकदोन भिंतींस बाहेरून माती टेकलेली असते. ह्याच खोलीत भात, बियाणे, खते व अवजारे ठेवण्याची पद्धत पडली आहे.

अशा खोलीच्या भिंतींस पावसाळ्यात ओल येते. ओल झाकावी म्हणून घरमालक रंग देतो. दोन वर्षांत रंगाचे पोपडे सुटतात; मग पुन्हा रंग दिला जातो. शेवटी कोणीतरी जलरोधक लेप सुचवितो आणि तो लेप त्या जुन्या रंगावरच फासला जातो. पुढील पावसाळ्यात रंग, लेप आणि त्यावर केलेला खर्च हे सारे एकदमच गळून पडते. दोष लेपाचा आहे असे समजून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला जातो. वस्तुतः दोष बहुधा लेपात नसून भिंतीच्या तयारीत असतो. जमिनीची पूर्वमशागत न करता पेरलेले उत्तम बियाणेही ज्याप्रमाणे वाया जाते, त्याचप्रमाणे पूर्वतयारी न केलेल्या भिंतीवरील उत्तम लेपही वाया जातो. ही पूर्वतयारी कशी करावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय कृषी पत्रिकेत कशाला?

भिंतीची ओल ही गवंड्याची बाब आहे, शेतकऱ्याची नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु ओलसर कोठीचे पहिले नुकसान भिंतीचे होत नाही, ते बियाण्याचे होते. बियाण्याच्या मानकांनुसार साध्या पोत्यात ठेवलेल्या भाताच्या बियाण्यात ओलावा १३ टक्क्यांहून अधिक नसावा आणि त्याची उगवण किमान ८० टक्के असावी. भाताचा दाणा सभोवतालच्या हवेतील ओलावा शोषून घेतो. दमट भिंतीला टेकून ठेवलेले पोते बाहेरून कोरडे दिसले, तरी आतील दाण्यांतील ओलावा हळूहळू वाढत असतो. त्याबरोबर बुरशी येते, सोंडे व इतर किडी वाढतात आणि उगवणशक्ती घटते.

एक हेक्टर लावणीस वाणाप्रमाणे सुमारे ३५ ते ५० किलो बियाणे लागते. वजनाने ही दोन पोती देखील होत नाहीत. पण ते उगवले नाही, हे मृग नक्षत्रात राबावर पेरल्यानंतर लक्षात आले, तर शेतकऱ्याचा संपूर्ण हंगाम धोक्यात येतो. ऐन वेळी हव्या त्या वाणाचे बियाणे मिळेलच असे नाही. वाडा कोलमसारख्या नावाजलेल्या वाणाचे घरचे जतन केलेले बियाणे असेल, तर ते नुकसान पैशाने भरून निघण्यासारखे नसते. म्हणून कोठीची भिंत हा शेतीच्या भांडवलाचाच एक भाग मानावयास हवा.

पाणी भिंतीतून कसे येते

काँक्रीट दिसावयास दगडासारखे असले तरी त्यात केसाहूनही बारीक छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याप्रमाणे ह्या छिद्रांतून पाणी चढते व आडवेही सरकते. शिवाय पावसाळ्यात भिंतीबाहेरील माती पाण्याने भरली म्हणजे त्या पाण्याचा दाब भिंतीवर पडतो. पाण्याची उंची दीड मीटर असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १,५०० किलो इतका तो दाब असतो. पालघर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडतो. तेव्हा हा दाब दरवर्षी येणारच, असे गृहीत धरून चालावे.

आता रंगाचा विचार करू. रंगाचा पापुद्रा खोलीच्या बाजूने भिंतीला चिकटलेला असतो आणि पाणी त्याच्या पाठीमागून येते. म्हणजे पाणी रंगाला भिंतीवर दाबत नाही, तर भिंतीपासून दूर ढकलते. पाण्याबरोबर मातीतील व सिमेंटमधील क्षारही विरघळून येतात. पाणी वाळले की हे क्षार रंगाच्या मागे स्फटिकरूपाने साचतात व फुगतात. रंगाला फोड येतात आणि पोपडे सुटतात ते ह्यामुळे. अशा रंगावर जलरोधक लेप दिल्यास लेपाची पकड भिंतीशी होत नाही, रंगाशी होते. आणि रंग सुटला की लेपही सुटतो. सिमेंटयुक्त जलरोधक लेप तर काँक्रीटच्या उघड्या छिद्रांत शिरूनच पकड घेतात. ती छिद्रे रंगाने बुजलेली असतील तर त्यांना धरावयास काहीच उरत नाही.

ह्यावरून एक नियम निघतो: जेथे जलरोधक लेप द्यावयाचा, तेथे रंगाचा, पुट्टीचा व चुन्याचा अंशही राहता कामा नये.

प्रथम रोगाचे निदान

पिकावरील रोग ओळखल्याशिवाय आपण औषध फवारीत नाही. भिंतीच्या बाबतीतही पुढील चार गोष्टी आधी पाहाव्यात.

(१) ओल भिंतीतून येते की हवेतून? सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा जाड कागद भिंतीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. रंग सुटलेला असल्यास तेवढी जागा आधी खरवडून घ्यावी. एक दिवसानंतर पाहावे. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास पाणी भिंतीतून येत आहे असे समजावे. कागदाच्या बाहेरील बाजूस थेंब दिसल्यास हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर गोठत आहे. ह्या दुसऱ्या प्रकारास जलरोधक लेपाचा उपयोग नाही. तेथे हवा खेळती ठेवणे, पण कुंद पावसाळी हवेत खिडक्या बंद व कोरड्या दिवशी उघड्या ठेवणे, हाच उपाय होय.

(२) पांढरा थर लोण्याचा की बुरशीचा? लोणा म्हणजे भिंतीवर फुटलेला क्षार. त्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही. गोठा किंवा उकिरडा भिंतीला लागून असेल, तर शेणमूत्रातील नत्रापासून बनलेले क्षार भिंतीत शिरतात व लोणा अधिक येतो. तारापूर, चिंचणी, दांडी, नवापूर, सातपाटी ह्या किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वारा असतोच. त्यातच समुद्राची किंवा खाडीची वाळू न धुता बांधकामात वापरलेली असेल, तर मीठ भिंतीच्या अंगातच असते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते व आतील लोखंडी सळ्याही गंजविते.

(३) भिंत कशाची आहे? हा लेख काँक्रीटच्या, अथवा काँक्रीटवर सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंतींविषयी आहे. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा घट्ट लेप देऊ नये. अशा भिंतीला वाळण्यास वाव हवा असतो. तो बंद केल्यास ओल भिंतीतून आणखी वर चढते.

(४) तडे स्थिर आहेत की हलते? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी भागात सौम्य भूकंपांची मालिका सुरू झाली आणि अनेक घरांना तडे गेले. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांस सिमेंटने चिकटवून बाजूला तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत काच फुटली तर तडा हलता आहे. हलत्या तड्यात ताठ सिमेंट भरून उपयोग होत नाही. तेथे लवचिक भरणद्रव्य लागते. तडा रुंद असेल, तिरपा वाढत असेल किंवा भिंत आत कलली असेल, तर लेपाचा विचार बाजूस ठेवून प्रथम अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

बाहेरचे पाणी आधी वळवावे

शेतातील निचरा सुधारल्याशिवाय पाणथळ जमीन सुधारत नाही. तीच गोष्ट घराची. पागोळ्यांचे पाणी भिंतीलगत पडत असेल तर पन्हळ लावून ते दूर न्यावे. भिंतीपासून बाहेरच्या बाजूस जमिनीला उतार द्यावा. उतारावरील घराच्या वरच्या अंगास आडवा चर खणून डोंगराचे पाणी घराच्या दोन्ही बाजूंनी काढून द्यावे. उकिरडा, नाहणीचे पाणी व शोषखड्डा भिंतीपासून दूर न्यावेत. शक्य असेल तेथे बाहेरची माती काढून बाहेरूनच जलरोधक थर देणे केव्हाही श्रेयस्कर, कारण तेथे पाणी लेपाला भिंतीवर दाबून धरते. मात्र शेजारचे घर, रस्ता किंवा उतार ह्यांमुळे पुष्कळदा ते शक्य नसते. मग आतून लेप द्यावा लागतो. आतून दिलेला लेप पाणी खोलीत येऊ देत नाही, पण भिंत स्वतः ओलीच राहते, हे ध्यानात असावे. म्हणूनच आतील लेपाची पकड अधिक मजबूत हवी आणि तयारीही अधिक काटेकोर हवी.

कोठी रिकामी करताना घ्यावयाची काळजी

खोली पूर्णपणे रिकामी करावी. धान्यास अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी दिलेली असल्यास मुदत संपून खोलीत पुरेसा वारा खेळल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये. विजेचा मुख्य खटका बंद करावा व भिंतीवरील बटणे, तारा उतरवून घ्याव्यात. तळघरात साचलेले पाणी उपसण्यासाठी डिझेल वा पेट्रोलचे इंजिन कधीही आत नेऊ नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसास बेशुद्ध करून प्राण घेतो. इंजिन बाहेर ठेवून फक्त नळी आत सोडावी.

रंग ओळखावा व त्याप्रमाणे काढावा

सर्वप्रथम हातोडीच्या दांड्याने संपूर्ण भिंत ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर गिलावा काँक्रीटला धरून आहे. बद्द आवाज आला तर तो सुटला आहे. तेवढा गिलावा काँक्रीटपर्यंत काढून टाकावा. अशा जागा कोळशाने खूण करून ठेवाव्यात.

रंगाचा प्रकार पुढीलप्रमाणे ओळखावा:

चुना व साधे डिस्टेंपर: कोरडा तळहात घासला तर हाताला पांढरी भुकटी लागते. गरम पाण्याने भिजवून पत्र्याच्या खरवडणीने हे सहज निघते. मात्र एकदा धुऊन भागत नाही. धुतलेले पाणी स्वच्छ येईपर्यंत घासावे.

प्लास्टिक पेंट: स्पिरिटमध्ये बुडविलेले फडके घासल्यास हा रंग मऊ होऊन फडक्याला लागतो. ह्याच्या खाली बहुधा पांढरी पुट्टी असते. रंग काढून पुट्टी तशीच ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. पुट्टी गुळगुळीत दिसते, पण सततच्या ओलीत ती टिकत नाही. रंग व पुट्टी दोन्ही खरवडून काढावीत.

ऑइल पेंट: स्पिरिटने हा मऊ होत नाही व त्याची चकाकी अधिक असते. हा काढताना विशेष काळजी घ्यावी. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे आहे असे समजूनच वागावे. असा रंग कोरडा घासू नये व दिवटीने जाळू तर मुळीच नये. पाणी शिंपडीत ओलाच खरवडावा.

सिमेंटचा रंग: हा पाण्याने वा स्पिरिटने सुटत नाही. तारेच्या ब्रशाने व छिन्नीने, किंवा घासण्याच्या यंत्राने तो काढावा लागतो.

रंग विरघळविणारी रसायने बाजारात मिळतात. परंतु त्यांच्या वाफा तळघरासारख्या बंद जागी फार घातक असतात आणि त्यांचा अंश छिद्रांत राहिल्यास लेपाची पकड बिघडते. म्हणून धान्याच्या कोठीत ती वापरू नयेत. हात, छिन्नी आणि पाणी हाच मार्ग सुरक्षित आहे, वेळ अधिक लागला तरी चालेल.

काँक्रीट घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत कायमची बसते. तोंडाला पंचा किंवा फडके बांधून ती अडत नाही. एन-९५ दर्जाची मुखपट्टी व डोळ्यांस चष्मा वापरावा आणि भिंत ओली ठेवूनच काम करावे. लहान मुले व गरोदर स्त्रिया ह्यांना त्या दिवसांत खोलीपासून दूर ठेवावे. खाली जुने प्लास्टिक अंथरून खरवड गोळा करावी. ही खरवड उकिरड्यावर, शेतात, विहिरीजवळ किंवा कोंबड्यांच्या वावरात टाकू नये. पिशवीत बांधून ग्रामपंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेत द्यावी.

लोणा, बुरशी व मेण

रंग निघाल्यावर उरलेला लोणा प्रथम कोरड्या ब्रशाने झाडून घ्यावा व सुपलीत भरून बाहेर न्यावा. आरंभीच पाणी मारल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो आणि श्रम फुकट जातात. कोरडे झाडल्यानंतरच स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते ह्या कामी वापरू नये. लोण्यासाठी आम्ल वापरण्याचा सल्ला काही गवंडी देतात. हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड आतील सळ्यांना गंजविते, म्हणून सळ्या असलेल्या काँक्रीटवर त्याचा वापर टाळावा.

बुरशी असल्यास कपडे पांढरे करण्याच्या द्रावणाचा एक भाग व पाण्याचे दहा भाग असे मिश्रण लावून पंधरा मिनिटांनी धुवावे. हे द्रावण व आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो.

तेलाचे डबे, फवारणीची औषधे किंवा डिझेल भिंतीलगत ठेवलेले असल्यास तेथे तेलकट डाग असतात. ते साबणाच्या चुऱ्याने व गरम पाण्याने घासून काढावेत. न निघाल्यास तेवढा पृष्ठभाग छिन्नीने उतरवावा. काँक्रीट ओतताना फळ्यांना लावलेले तेल किंवा मेणही कधी कधी भिंतीवर राहिलेले असते. त्यासही हाच उपाय.

तडे, पोकळ्या व गंजलेल्या सळ्या

स्थिर तड्यांची नुसती तोंडे बुजवू नयेत. छिन्नीने तड्याच्या मार्गावर सुमारे दोन सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल खाच करावी. खाचेच्या कडा सरळ असाव्यात. तोंडाशी रुंद व आत निमुळती खाच केल्यास भरण बाहेर निसटते. खाच धुऊन, ओली करून, एक भाग सिमेंट व तीन भाग धुतलेली वाळू ह्यांच्या घट्ट मिश्रणाने ठासून भरावी. पाणी प्रत्यक्ष वाहत असेल तेथे काही मिनिटांत घट्ट होणारे खास सिमेंट मिळते. ते हाताने दाबून धरावे. हातमोजे अवश्य वापरावेत.

काँक्रीट नीट ठासले गेले नसेल तेथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ खडी दिसते. ती सुटी खडी घट्ट भाग लागेपर्यंत काढावी व पोकळी भरून घ्यावी. फळ्या बांधण्यासाठी ठेवलेली भोकेही विसरू नयेत. पाण्याच्या वाटा बहुधा ह्याच असतात.

गंजलेली सळी उघडी पडली असेल तर तिच्या मागील बाजूसही बोट जाईल इतके काँक्रीट काढावे. सळी तारेच्या ब्रशाने लख्ख करावी, गंजरोधक लेप द्यावा व मग भरण करावे. सळीची जाडी स्पष्टपणे घटलेली दिसल्यास अभियंत्यास दाखवावे.

भिंत व जमीन जेथे मिळतात तो कोपरा सर्वांत दुर्बल असतो. तेथे खाच करून सिमेंटचा गोलसर उतार द्यावा. गवंडी त्यास वाटा म्हणतात. काटकोनी कोपऱ्यात लेप पातळ बसतो व तेथेच तुटतो. ह्या सर्व दुरुस्त्यांवर किमान सात दिवस पाणी मारावे.

भिंत तयार झाली हे कसे ओळखावे

तयार भिंत डोळ्यांनी सुंदर दिसत नाही. सिमेंटचा राखी रंग, वाळूचे कण व ठिकठिकाणी भरलेल्या खाचा तिच्यावर दिसतात. तळहात फिरविल्यास पॉलिश कागदासारखी खरखर लागली पाहिजे व हाताला भुकटी लागता कामा नये. नंतर भिंतीवर निरनिराळ्या जागी पाण्याचे शिंतोडे मारावेत. मिनिटभरात पाणी शोषले जाऊन काळसर डाग पडला तर छिद्रे उघडी झाली आहेत. थेंब मोत्यासारखे घसरत राहिले तर तेथे अजून रंग, मेण किंवा तेल आहे. ती जागा पुन्हा घासावी. ही परीक्षा दर हातभर अंतरावर करावी. घाई केल्यास नेमकी राहिलेली जागाच पुढे दगा देते.

सिमेंटयुक्त लेप देण्यापूर्वी आदल्या सायंकाळी भिंत भरपूर भिजवावी. सकाळी ती आतून ओली पण वरून पाण्याची चकाकी नसलेली, अशी असावी. कोरडी भिंत लेपातील पाणी ओढून घेते व लेप भुसभुशीत होतो. पाणी ओघळणाऱ्या भिंतीवर लेप पातळ होऊन उतरतो. डांबरी किंवा अन्य काही लेपांना मात्र कोरडी भिंत लागते. तेव्हा डब्यावरील सूचना आधी वाचून घ्यावी. साधारणतः दोन हात द्यावेत, पहिला आडवा व दुसरा उभा, आणि सूचनेप्रमाणे काही दिवस ओलावा राखावा.

लेपावर पुन्हा रंग द्यावयाचाच असेल तर महिनाभर थांबून चुना किंवा सिमेंटचा रंग द्यावा. ऑइल पेंट पुन्हा लावू नये.

कामाचे वेळापत्रक

हे काम शेतीच्या कामांत बसविल्यास अवघड जात नाही.

आषाढ-श्रावणात, म्हणजे भिंत सर्वाधिक ओली असताना, पाणी कोठून येते त्या जागांवर खुणा कराव्यात व प्लास्टिक कागदाची परीक्षा करावी. उन्हाळ्यात सर्व भिंती सारख्याच कोरड्या दिसतात. तेव्हा निदान होत नाही.

भाताची कापणी व झोडणी आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात, बाहेरचे चर, उतार व पन्हळ ही कामे करावीत. तड्यांवर काचेच्या पट्ट्या आधीच लावलेल्या असाव्यात.

होळीच्या सुमारास कोठीतील धान्य माळ्यावर किंवा दुसऱ्या कोरड्या खोलीत हलवून रंग खरवडण्यास प्रारंभ करावा. एकूण वेळेपैकी तीन हिस्से खरवडणे, धुणे व दुरुस्ती ह्यांस आणि एक हिस्सा लेपास लागेल, असा अंदाज धरावा. मजुरी ठरवितानाही हे दोन भाग वेगळे ठरवावेत. एकत्र उक्ते दिल्यास तयारीतच काटकसर होते.

चैत्र-वैशाखात लेप देऊन मृगापूर्वी खोली पूर्ण वाळू द्यावी. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांखाली उन्हाळी भात घेतले जाते, तेथे मात्र उन्हाळ्यातही जमिनीतील पाणी वर असते. अशा गावांत कालव्याची पाळी बंद असतानाचे दिवस निवडावेत.

लेपानंतरही

जलरोधक लेप हा पहारेकरी आहे, कोठीची सर्व जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. पोती जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर दूर ठेवावीत, म्हणजे वारा खेळतो व भिंतीवर नवा डाग पडल्यास लगेच दिसतो. लेप दिल्यावरचा पहिला पावसाळा हा परीक्षेचा समजावा. त्या वर्षी बियाणे तळघरात न ठेवता माळ्यावर ठेवणे हे शहाणपणाचे.

आणि राब पेरण्यापूर्वी, मे महिन्याच्या मध्यास, बियाण्याचे १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावेत व फडके ओलसर ठेवावे. आठवड्याने मोड आलेले दाणे मोजावेत. ८० पेक्षा कमी उगवल्यास दुसरे बियाणे मिळविण्यास अजून अवधी असतो. कोठी कितपत कोरडी राहिली ह्याचा निर्णय ह्या शंभर दाण्यांवरून लागतो. बियाण्याविषयी शंका असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी आणि भिंतीविषयी शंका असल्यास जाणत्या अभियंत्याशी मृगापूर्वीच संपर्क साधावा.